चाळीस दिवसांचा नेम

मैत्रिणींनो, श्रावण लागला की आमच्या सोसायटीत नेमांच्या गप्पा सुरू होतात. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी एकभुक्त राहतं, कुणी जेवताना बोलायचं नाही असं ठरवतं. मागच्या श्रावणात शेजारच्या वहिनी मला म्हणाल्या, "तुम्हा ख्रिस्ती लोकांचं बरं असतं हो. उपासतापास काही नाही!" मी म्हटलं, "वहिनी, आमच्यातही चाळीस दिवस असतात की! फक्त त्यात साबुदाण्याची खिचडी नसते, म्हणून तुमच्या लक्षात येत नाही." त्या हसल्या, मीही हसले. मग त्यांनी विचारलं, "मग तुम्ही काय सोडता?"

या प्रश्नाचं उत्तर मला दारात उभ्याउभ्या देता आलं नाही. म्हणून आज तुमच्यापुढे सविस्तर सांगायला बसले आहे. कारण एका वर्षी मी चहा सोडला होता, आणि जे सोडायला हवं होतं ते मात्र घट्ट धरून बसले होते.

आधी हे चाळीस दिवस म्हणजे काय ते सांगते. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला, त्याच्या आठवणीत ईस्टरच्या आधीचा हा काळ पाळतात. इंग्रजीत याला लेंट म्हणतात. मूळ शब्द वसंत ऋतूचा, दिवस लांबत जातात त्या काळाचा. राखेच्या बुधवारी सुरुवात होते आणि ईस्टरच्या आदल्या शनिवारी शेवट. तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन मोजाल तर दिवस सेहेचाळीस भरतील. तुमची चूक नाही. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास कसला?

माझं माहेर नगरचं. म्हणजे तेव्हाचं अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं आमचं घर. आमच्याकडे कडक उपास असा नव्हता, पण आजीचा एक नेम असे. या दिवसांत दळण काढलं की ती त्यातली ओंजळभर ज्वारी वेगळ्या डब्यात टाकी. ईस्टरच्या आधी तो डबा कुठल्या तरी घरी पोचता व्हायचा. कुणाच्या, ते आम्हा मुलांना कधी सांगितलं नाही. उत्तम शुक्रवारी भर दुपारी तीन तास देवळात बसायचं, वधस्तंभावरच्या सात शब्दांवर सात जण बोलायचे, आणि आम्ही दोघी बहिणी आईच्या दोन्ही खांद्यांवर डोकी टाकून पेंगायचो. एका खांद्यावर अक्का, दुसऱ्यावर मी.

१९८५ साली ह्यांना अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात नोकरी लागली. कापडाच्या गिरण्या बंद पडलेलं एक लहानसं गाव. घरात गाडी एकच, ती हे घेऊन जात. बर्फातून पायी जाता येईल असं देऊळ एकच होतं, ते बाप्टिस्ट लोकांचं. म्हणून मी तिथे जाऊ लागले. श्रद्धेचं मोठं कारण सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण खरं कारण हे!

बाप्टिस्ट म्हणजे कोण, असं तुम्ही विचाराल. हे लोक तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने कळत्या वयात आपल्या तोंडाने विश्वास कबूल करायचा, मग त्याला पुरतं पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायचा. त्यासाठी व्यासपीठामागे चांगला कमरेइतका हौद बांधलेला असतो. वरून हुकूम सोडणारा बिशप त्यांच्यात नाही. पाळक कोण असावा, छप्पर कधी दुरुस्त करायचं, सगळं मंडळी सभा भरवून मतांनी ठरवते. रॉजर विल्यम्स नावाचा एक पाळक सतराव्या शतकात होऊन गेला. माणसाच्या देवाधर्मात सरकारने सक्ती करू नये, असं तो म्हणू लागला, म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या कारभाऱ्यांनी त्याला हद्दपार केलं. त्याने शेजारी प्रॉव्हिडन्स गाव वसवलं, आणि १६३८च्या सुमारास तिथे अमेरिकेतली पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी राहिली. सक्तीचा हा असा कंटाळा रक्तातच असल्यामुळे नेमून दिलेले सणवार आणि उपास त्यांना पूर्वी पटत नसत. त्या बाबतीत त्यांना हद्दपार करणारेही तसेच. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता!

तेव्हा १९८८च्या जानेवारीत आमच्या पाळकांनी सभेत विचारलं, की यंदा आपण लेंट पाळू या का, राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावू या का, तेव्हा काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! एक म्हातारे शेतकरी उभे राहून म्हणाले, "माझ्या आजोबांनी कधी राख लावली नाही, बापाने लावली नाही, मी काय म्हणून लावू?" एक तरुण बाई म्हणाली, "मला कुणीतरी थांब म्हणायला हवंय. वर्षभर नुसती धावतेय मी." दीड तास चर्चा झाली. मी बाळपणी पाणी शिंपडून बाप्तिस्मा घेतलेली, म्हणून मतदानाचा हक्क नसलेली सहसभासद. मागच्या बाकावर बसून गंमत बघत होते. शेवटी ठरलं ते असं: राख ज्याला हवी त्याने पुढे यावं, नको त्याने बसून राहावं, आणि कुणी कुणाला विचारू नये. पण पुढच्या पाच बुधवारी संध्याकाळी सगळ्यांनी तळघरातल्या हॉलमध्ये एकत्र सूप-पाव जेवावं. सुपाला सगळ्यांची मतं पडली. म्हाताऱ्या शेतकऱ्यांचंसुद्धा!

या सूप-जेवणाची रीत अशी. दर बुधवारी दोन-तीन घरांनी मोठं पातेलंभर सूप करून आणायचं. मक्याचं दुधातलं, वाटाण्याचं, कोबी-गाजराचं. बरोबर पाव. गोड काही नाही. बाहेर जेवलो असतो तर जे पैसे गेले असते, ते दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. तो डबा गावातल्या गरजू घरांना धान्य देणाऱ्या केंद्राकडे जायचा. डबा पाहिला आणि मला आजीची ओंजळभर ज्वारी आठवली. सात समुद्रांपलीकडे तोच नेम!

माझी पाळी आली तेव्हा मी मसुरीच्या डाळीची आमटी नेली. चाळीस माणसांना दोन किलो डाळ घेतली, भरपूर टोमॅटो, तिखट अगदी बेतानं, आणि वरून लसूण-जिऱ्याची फोडणी. पाळकांनी तीनदा घेतली. म्हातारे शेतकरी म्हणाले, "यात काय घातलंय ते सांगू नका, पण पुढच्या बुधवारीही आणा."

पण मैत्रिणींनो, मंडळी म्हणजे काही नुसती गोडी-गुलाबी नसते. आपल्या मराठीत मंडळी हा शब्द फार छान आहे. लग्नघरातली माणसं म्हणजे मंडळी, आणि पूर्वीच्या पत्रांत घरधनीण म्हणजेसुद्धा मंडळी! त्यात रुसवेफुगवे आलेच. आमच्या स्वयंपाकघरात दोन आजीबाई होत्या. दोघी सत्तरीपुढच्या, एकीचा शब्द तिखट, दुसरीची जीभ कातरीसारखी. तीन वर्षांपूर्वी हॉलसाठी सहा शेगड्यांचा नवा गॅस घ्यायचा की तो पैसा छपराला लावायचा, यावर सभेत मतं पडली. गॅस जिंकला. तेव्हापासून छपरावाल्या आजी गॅसवाल्या आजींशी बोलेनाशा झाल्या. दर रविवारी एकाच देवळात, दर बुधवारी एकाच ओट्याशी, पण अक्षर नाही. मध्ये मी असले की माझ्यामार्फत निरोप जायचा. "तिला सांग, सुपात मीठ कमी आहे." दोन हातांवर उभ्या असलेल्या बाईला मी ते मुकाट्याने सांगायची!

मला या प्रकाराचं हसू यायचं. आणि इथेच माझी गोष्ट सुरू होते.

माझी आई १९८६च्या नोव्हेंबरात नगरला गेली. तार आली, पण मला जाणं जमलं नाही. मुलगा लहान, हातात तिकिटाचे पैसे नाहीत. त्या दिवसांत या मंडळीशी माझी धड ओळखही नव्हती, पण आठ दिवस दारात झाकलेली भांडी येत राहिली. कुणी बटाटे, कुणी कोंबडी, कुणी नुसता ताजा पाव. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव, भांडं परत कुणाला द्यायचं ते कळावं म्हणून. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही आपली रीत. मी प्रत्येकात चिवडा भरून परत केला. त्यातूनच माझ्या तिथल्या मैत्रिणी झाल्या.

पुढच्या जानेवारीत अक्काचं पत्र आलं. आईची शिवणयंत्र मावशीकडे दिली, लुगडी वाटली, असं सगळं लिहिलं होतं. आईच्या चार सोन्याच्या बांगड्या होत्या. त्यांच्याविषयी एकच ओळ: "बांगड्या राहिल्या नाहीत." बस. का राहिल्या नाहीत, कुठे गेल्या, काही नाही. त्याच मे महिन्यात अक्काच्या मुलीचं लग्न झालं. फोटो आला. मी भिंग घेऊन मुलीचे हात पाहिले. हो, लाजत नाही सांगायला, भिंग घेऊन! हातात बांगड्या होत्या, पण त्याच का ते कळेना. मी पत्र लिहिणं बंद केलं. तीही पेटली असेल, तिनेही लिहिलं नाही.

तर त्या वर्षी, म्हणजे १९८८ला, लेंटमध्ये मी चहा सोडला. दिवसाचे चार कप, वेलदोड्याचे. पहिले तीन दिवस डोकं असं दुखलं की विचारू नका. चौथ्या दिवसापासून मला स्वतःचं फार कौतुक वाटायला लागलं. बुधवारी ओट्याशी मी सहज म्हणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की मी चाळीस दिवस चहा सोडलाय. गॅसवाल्या आजी भांडं घाशीत म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी एका वर्षी साखर सोडली होती. चाळीस दिवस त्यांना काही झालं नाही, घरातल्यांना मात्र पळता भुई थोडी झाली." सगळ्या हसल्या. मग त्यांनी विचारलं, "चहाचे वाचलेले पैसे डब्यात टाकतेस ना? किती झाले?" मी मनात हिशेब केला. चहा तिथे फार स्वस्त. महिन्याभराचे जेमतेम तीन डॉलर. मला एकदम ओशाळं वाटलं.

त्या ओट्यासमोरच्या भिंतीवर एक जुनी, चौकटीतली मोठी पाटी होती. त्या मंडळीचा करारनामा. १८५३ साली छापला गेलेला हा मजकूर अमेरिकेतल्या कितीतरी बाप्टिस्ट देवळांत भिंतीवर लावलेला असे. सभासद होताना सगळ्यांनी मिळून एकमेकांना दिलेलं वचन म्हणा ना. दारू प्यायची नाही, विकायची नाही, आजारपणात आणि अडचणीत एकमेकांना मदत करायची, असं बरंच काही त्यात आहे. डाव भरता भरता माझी नजर दर बुधवारी त्याच्यावर जायची. एका ठिकाणी लिहिलं होतं, त्याचा भावार्थ असा, की राग चटकन धरू नये, समेटाला नेहमी तयार असावं, आणि तो करायला वेळ लावू नये. मी ते वाचून त्या दोन आजींकडे पाहायची आणि मनात म्हणायची, घ्या, भिंतीवर लिहिलंय, डोक्यात मात्र शिरत नाही!

मार्च महिन्यातल्या एका बुधवारी बर्फ पडलं. पंधरा-वीस माणसंच आली. ओट्याशी त्या दोघी आणि मी. छपरावाल्या आजींच्या हातावर उकळतं सूप सांडलं. मी फडकं शोधायला धावले तोवर गॅसवाल्या आजींनी त्यांचं मनगट धरून नळाखाली नेलं होतं. दोघी तशाच उभ्या. पाणी वाहतंय, कुणी बोलत नाही. चांगली पाच-सात मिनिटं झाली. मग छपरावाल्या आजी म्हणाल्या, "तुझ्या सुपात मीठ कमी आहे." दुसरी म्हणाली, "माहीत आहे. डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय." इतकंच. ना माफी, ना मिठी. पण तो निरोप माझ्यामार्फत गेला नव्हता!

त्या रात्री घरी चालत येताना मला हसू आलं नाही. त्या दोघी तीन वर्षं बोलल्या नाहीत खऱ्या, पण तीन वर्षं रोज एकाच ओट्याशी उभ्या तरी राहिल्या. मी आणि अक्का? आमच्यामध्ये तर आठ हजार मैल होते. कुणाचा हात भाजला तर कळणारही नव्हतं.

आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर सेलम नावाचं बंदर आहे. त्या शनिवारी ह्यांनी मला तिथे नेलं. नगरच्या मुलीला हे गाव पाहायचंच होतं, कारण तिथल्या एका देवळात ६ फेब्रुवारी १८१२ला पाच तरुणांना एकाच वेळी मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. त्यांतला अ‍ॅडोनिराम जडसन बोटीवर बायबलचा अभ्यास करता करता बाप्टिस्ट मताचा झाला आणि कलकत्त्याला उतरल्यावर त्याने बुडून बाप्तिस्मा घेतला. ल्यूथर राइसही त्याच्या मागोमाग गेला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र जुन्याच मताचे राहिले. ते १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले, आणि त्यांनी सुरू केलेल्या मिशनचं नगरचं ठाणं १८३१ साली उघडलं. म्हणजे पाहा, माझ्या आजीचं देऊळ आणि हे बाप्टिस्ट लोक एकाच बाकावरून उठून दोन दिशांना गेलेले! पाठवणाऱ्यांना त्या फुटीचं फार वाईट वाटलं होतं. पुढे १९७० साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा तान्हेपणी बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी देणारे बाप्टिस्ट एका छपराखाली आले. मधे दीडशेहून जास्त वर्षं गेली. मला वाटलं, मंडळ्यांना तेवढी सवड असते. अक्का तेव्हा पंचावन्नची होती.

३१ मार्च, पवित्र आठवड्यातला गुरुवार. संध्याकाळी प्रभुभोजन होतं. तिथली रीत अशी की पावाचे तुकडे आणि द्राक्षरसाचे बोटभर पेले तबकांत ठेवून बाकांवरून हातोहात फिरवतात. पाळक तुम्हाला देत नाहीत, शेजारचा देतो. तुम्ही घ्यायचं आणि पुढच्यासाठी तबक धरायचं. त्याआधी सगळ्यांनी उभं राहून तो करारनामा मोठ्याने वाचला. वेळ लावू नये, हे शब्द आले आणि माझा आवाज बंद पडला. तबक आलं. मी ते धरून तशीच उभी. शेजारच्या बाईने हलकेच माझ्या कोपराला हात लावला.

घरी येऊन, कोट न काढता, मी निळं हवाई पत्र काढलं. "प्रिय अक्का, सलाम." आमच्यात साष्टांग नमस्काराऐवजी असंच लिहितात. पुढे काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं, की बांगड्यांवरून मी तुझ्यावर रागावले होते, तुला विचारलंही नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत तू काय काय केलंस तेही विचारलं नाही. आता विचारते. सांगशील का?

तीन दिवसांनी ईस्टर. पहाटे अंधारात टेकडीवर जमलो, उजाडताना गाणी म्हटली. मग देवळातल्या हौदात सतरा वर्षांच्या एका मुलाला आणि बासष्ट वर्षांच्या एका गृहस्थाला बाप्तिस्मा झाला. हे गृहस्थ पाण्यातून वर आले ते चष्मा चाचपडत, आणि सगळं देऊळ हसलं नि रडलं. मी घरी येऊन चहा केला. चव नेहमीसारखीच होती.

अक्काचं उत्तर यायला पाच आठवडे लागले. मी मनाशी एक पत्र रचून ठेवलं होतं, की ती लिहील, बांगड्या आईच्या औषधाला गेल्या, आणि मग मी रडेन आणि सगळं स्वच्छ होईल. तसं झालं नाही. तिने लिहिलं होतं, "दोन बांगड्या आईच्या औषधपाण्याला गेल्या. दोन मी लेकीच्या हातात घातल्या. आठ महिने रात्री जागले. आईला उचललं, बसवलं, धुतलं. तुझा वाटा मी घेतला असं तुला वाटत असेल तर वाटू दे. पण तू विचारलंस, ते बरं केलंस. मी वाट पाहत होते." आणि खाली, "आई जाताना तुझं नाव घेत होती. माझं नाही घेतलं. मी तिथेच होते ना, म्हणून."

मैत्रिणींनो, या पत्रात कोण बरोबर आणि कोण चूक? मी आजवर ठरवू शकलेले नाही. ठरवायचं सोडून दिलं, हाच म्हणा माझा त्या वर्षीचा नेम. त्यानंतर महिन्याला एक पत्र ठरलेलं. १९९४ला आम्ही कायमचे परत आलो, पुण्याला घर केलं, आणि पुढची पंधरा वर्षं दर उत्तम शुक्रवारी मी नगरला गेले. देवळात आम्ही दोघी म्हाताऱ्या शेजारी बसायचो. पेंग यायची ती मलाच, आणि खांदा असायचा तिचा. २००९ साली ती गेली. त्या वेळी मी तिथे होते.

तर वहिनी, तुम्ही विचारलंत, आम्ही काय सोडतो. कुणी गोड सोडतं, कुणी मटण. मी अजूनही चहा सोडते, डोकं अजूनही तीन दिवस दुखतं. पण राखेच्या बुधवारी रात्री एक कोरा कागद घेऊन बसते आणि ज्यांना पत्र लिहायचं टाळते आहे त्यांची नावं त्यावर लिहिते. एखाद्या वर्षी एकच नाव असतं, एखाद्या वर्षी चार. चाळीस दिवसांत एक जरी पत्र टपालात पडलं तरी मी नेम पुरा झाला असं धरते.

तुमचा नेम श्रावणातला असो, रमजानातला असो की लेंटमधला. असा एखादा कागद तुमच्याही घरात निघेल. आणि हो, त्या आमटीत शेवटी लिंबू पिळायला विसरू नका.